बाजीची पोरगी लाइनीवर

माझं नाव चोरीला गेलंय, आणि चोर तुमच्यातलाच कुणीतरी आहे. उगाच इकडंतिकडं बघू नका! तुम्ही त्याला चोरी म्हणत नसाल, कौतुक म्हणत असाल. पण चोवीस वर्षं एखाद्या माणसाला हाक मारताना त्याचं नाव वगळून त्याच्या बापाचं घ्यायचं, याला दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही.

कोल्हापुरात मी 'बाजीची पोरगी' आहे. बाजी म्हणजे बाजीराव इंगवले, चिंचेकडील तालमीचा नऊ नंबर. तालीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला फक्त कुस्ती आठवते. आमच्याकडं तालमीची फुटबॉल टीम असते, आणि नवऱ्याची तालीम एक आणि बायकोच्या माहेरची दुसरी असली, तर मॅचच्या दिवशी आमटीत मीठ कमी-जास्त होतं. तालमींची नावं मी इथं बदललीत. मला अजून याच गावात राहायचंय.

तर माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी जुन्या तिकटी तालमीविरुद्धच्या फायनलला, शेवटच्या मिनिटाला, बाबांनी सूर मारून डोक्यानं गोल केला. एक-शून्य. तो गोल आमच्या तालमीच्या भिंतीवर रंगवलाय. दहा फुटी बाबा, हवेत आडवे, कपाळाला बॉल टेकलेला. मी शाळेच्या रिक्षाची वाट बघत रोज त्या चित्राखाली उभी राहायचे. बाबा कायम हवेत, मी कायम खाली.

असे किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. रसवंतीमागं उसाची चिपाडं साठतात तसे आपोआप साठतात. रस दुसऱ्यांनी प्यायला, चिपाडं माझ्या दारात!

*

सातवीत खेळाच्या सरांनी मुलींची टीम काढली. मला काही विचारलंच नाही. "बाजीची पोरगी हाय, पुढंच खेळंल!"

"सर, मला बॉलची भीती वाटते."

"गप की! रक्तात असतंय ते!"

पहिल्याच दिवशी कॉर्नरवरून बॉल आला. सर ओरडले, "डोकं घाल!" मी घातलं. बॉल नाकावर बसला आणि शर्ट लाल झाला. सगळ्या मुली धावत आल्या. सर मात्र लांबूनच खुशीत म्हणाले, "बघा! मी म्हटलं हुतं का न्हाय, रक्तात हाय!"

*

बाबांचा तो गोल किती जणांनी प्रत्यक्ष बघितला? माझ्या अंदाजानं अख्खं कोल्हापूर, निम्मं वारणानगर आणि पंचगंगेच्या पलीकडची सगळी गावं. स्टेडियम एवढं मोठं नाही, पण कोल्हापूरकरांचं मन मोठं आहे.

राजारामपुरीतल्या दाताच्या डॉक्टरांनी माझ्या दाढेत मशिन घालून तो गोल सांगितला. धो धो पाऊस होता म्हणे, बॉल डाव्या कोपऱ्यात गेला. माझं तोंड उघडं, त्यामुळं वाद घालायची सोय नव्हती. त्याच दिवशी परतताना रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "तुम्ही बाजीच्या का?" आणि मग गोल सुरू. कडक ऊन, बॉल उजव्या कोपऱ्यात!

शिरोळचे माझे मामा तर दर लग्नात सांगतात. एकदा मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, आई सांगते त्या दिवशी तुमचा साखरपुडा होता. शिरोळला!"

 मामींनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आत्ता कळलं! पंगतीला नवरदेव कुठं गेला म्हणून माझा बा सगळं गाव हिंडत हुता!"

म्हणजे एवढा एक साक्षीदार खरा निघाला. मी लगेच त्यांना कोपऱ्यात गाठलं. "मामा, खरं सांगा. बॉल कुठल्या कोपऱ्यात गेला?"

मामा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. माझ्या म्होरं एक उंच गडी उभा हुता. मला नुसती बोंब ऐकू आली."

*

कॉलेजात मी वक्तृत्वाला पहिली आले. विषय होता 'स्वकर्तृत्व'. घसा फोडून बोलले. वारसा ही उधारीची चप्पल आहे, चावणारच, वगैरे. टाळ्या पडल्या.

बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी प्रेक्षकांत बाबांना ओळखलं. "अहो बाजी! वर या, वर या!" बाबा नको नको म्हणाले, पण बाबांचं 'नको नको' म्हणणं आणि जिना चढणं एकाच वेळी चालू असतं. स्टेजवर ढाल त्यांच्या हातात गेली. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुणे हसतायत, बाबा ढाल धरून हसतायत आणि उजव्या कडेला एक कोपर आहे.

ते कात्रण मी जपून ठेवलंय. कोपर माझं आहे.

*

मग मी रेफरी व्हायचं ठरवलं. लोकांना वाटतं बापाच्या प्रेमापोटी. अजिबात नाही! स्टेडियममध्ये एकदा माझ्या लक्षात आलं की बावीस खेळाडूंच्या पाठीवर नाव असतं, कोचला नाव असतं, शिट्टी विकणाऱ्यालासुद्धा असतं. फक्त रेफरीच्या शर्टावर नसतं. अख्ख्या कोल्हापुरात माझ्यासाठी तोच एक शर्ट शिल्लक होता.

घरी सांगितलं तेव्हा बाबा भाकरी मोडत होते. तुकडा हातातच राहिला.

"रेफरी? आमच्या घरात?"

"काय वाईट आहे?"

"अगं, जन्मभर ज्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यात जाऊन बसणार तू?"

आई तव्यावरून न वळता म्हणाली, "तुम्ही आता जेवताना तरी त्या देऊ नका. पोरगी समोर बसलेली असती."

परीक्षेला तोंडी प्रश्न होते. आत गेले तर परीक्षक खुर्चीतून अर्धे उठले. "या या! बाजी कसे आहेत? गुडघा काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "सर, गुडघा नियमावलीच्या कितव्या नियमात येतो?"

तेव्हापासून त्यांनी मला एकही सोपा प्रश्न विचारला नाही. तरी पास झाले. खरं तर म्हणूनच झाले, आणि त्या माणसाची मी आजही ऋणी आहे.

*

नवीन रेफरीला आधी सकाळी मैदानावर बोलावतात, रेषा-खांब-जाळी तपासायला. तिथं दत्तूआण्णा चुन्याच्या फक्कीनं रेघा मारत होते. सत्तरीचे, वाकलेले, पण त्यांची पांढरी रेघ अशी की तिच्यावरून मुंगीनं सरळ चालायला शिकावं.

"कोण गं तू?" त्यांनी विचारलं.

"मी बाजींची मुलगी," मी म्हटलं.

आण्णांनी चुन्याची पाटी खाली ठेवली. "ते न्हाय इचारलं. नाव काय?"

ऐकलंत? एवढं सगळ्यांना चोर म्हणत फिरणारी मी! पहिल्यांदा कुणीतरी नाव विचारलं, तर मीच ते खिशातून काढलं नाही.

"ऋतुजा," मी म्हटलं.

"हां. ऋतुजा, रेघेवर पाय देऊ नगंस. वली हाय."

मग मीही त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. "आण्णा, बाबांच्या त्या गोलाच्या वेळी तुम्ही होता का?"

"हुतो की."

"कसा होता गोल?"

आण्णांनी पाटी उचलली. "मी बॉलकडं बघत नव्हतो," म्हणाले आणि दुसऱ्या टोकाला निघून गेले.

अख्ख्या जिल्ह्यात तो गोल न सांगणारा मला भेटलेला हा पहिला माणूस!

*

सुरुवातीला शाळांच्या मॅच मिळाल्या. मग तालमींच्या ज्युनियर टीम. प्रेक्षकांची वाक्यं ठरलेली. निर्णय पटला तर "बाजीची पोरगी हाय, उगंच न्हाय!" नाही पटला तर "बापाला इचारून ये!" म्हणजे बरोबर दिलं तरी बाबांचं, चुकलं तर बाबांना विचारलं नाही म्हणून!

एकदा एका पोरानं पेनल्टीसाठी अशी लोळण घेतली की त्याला नाटकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळावं. मी यलो कार्ड काढलं. तो उठला, कपडे झटकले आणि हात जोडून म्हणाला, "ताई, कार्ड द्या की, न्हाय कोण म्हणतंय? फकस्त ते जरा वर धरून ऱ्हावा. दोस्त फोटो काढतोय. बाजीच्या पोरीकडनं कार्ड खाल्लं म्हणून स्टेटसला ठेवतो!"

मी कार्ड खिशात टाकलं आणि म्हटलं, "नाव सांग."

"स्टेटसला टाकणार व्हय तुम्हीबी?"

"रिपोर्टला टाकणार आहे!"

*

हा किस्सा घरातला आहे. तो छापला म्हणून बाबा चार दिवस बोलणार नाहीत, पण पाचव्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवतील.

रेफरीच्या कोर्सला आम्हाला लाइनमनचं काम शिकवत होते. लाइनमननं बॉलमागं डोळे पळवायचे नाहीत, बचावाच्या शेवटच्या माणसाबरोबर सरकायचं आणि त्याच ओळीत नजर ठेवायची. पास सुटतो त्या क्षणाला पुढचा खेळाडू त्या माणसाच्या पलीकडं दिसला की ऑफसाइड, झेंडा वर. मग गोल झाला तरी धरायचा नाही. मी घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर विचारलं, "बाबा, तुमच्या गोलाच्या वेळी तिकटीचा शेवटचा माणूस कुठं होता?"

बाबांना असा प्रश्न म्हणजे सणच! मिठाची बरणी म्हणजे तिकटीचा बचावपटू, ताकाचा पेला म्हणजे पास देणारा आणि लिंबाची फोड म्हणजे खुद्द बाबा.

"हितनं पास आला. मी हितं."

मी बघितलं. "बाबा, लिंबू मिठाच्या पुढं आहे."

"व्हय?" बाबांनी मिठाची बरणी चार बोटं मागं सरकवली. "हितं हुता तो."

"तरी पुढंच आहे."

बरणी अजून सरकली. टेबलाच्या कडेला आली. आईनं ती झटकन उचलली. "अजून मागं गेला तर तो बचाववाला शेजारच्यांच्यात जाऊन पडंल!"

"बाबा, पास सुटला तेव्हा तुम्ही त्याच्या पुढं होता का मागं?"

 बाबांनी लिंबाची फोड उचलून आमटीत पिळली.

"मी हवेत हुतो," ते म्हणाले. "हवेत असताना कोण म्होरं-मागं बघतंय?"

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही, कारण तुम्ही तो आधीच कुणाकडून तरी ऐकलेला असतो आणि त्यात माझं नाव नसतं.

गेल्या सीझनची लीग. चिंचेकडील विरुद्ध जुनी तिकटी. चिंचेकडीलचे कोच आता बाबा. ही मॅच जिंकली तर पुढं, नाहीतर घरी. मला अर्थातच या मॅचवर नेमलेलं नव्हतं, मी तसं आधीच लिहून दिलं होतं. पण नेमलेल्या लाइनमनला कावीळ झाली, दुसरा परगावी. सकाळी संयोजकांचा फोन आला. "ऋतुजा, तिकटीवाल्यांना विचारलंय. त्यांची हरकत नसेल तरच उभी राहा."

तिकटीच्या कोचनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आम्हाला चालतंय की! फुकटात घरातलं भांडाण बघाय मिळतंय!"

मी बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले, "मला काय इचारतीस? रेफरी तू हाईस." आणि बूट घट्ट करायला खाली वाकले. ते बूट आधीच घट्ट होते.

बेंचच्या बाजूची लाइन माझ्याकडं आली. म्हणजे पहिल्या मिनिटापासून पाठीमागं बाबांचा आवाज. "पुढं सरक! अरं बघतोयस काय!" हे ते खेळाडूंना म्हणत होते, पण चोवीस वर्षांच्या सवयीनं मी दोनदा पुढं सरकले.

शून्य-शून्य. शेवटची पाच मिनिटं. प्रेक्षक उभे. चिंचेकडीलच्या हाफलाइनवरल्या पोरानं लांब पास टाकला. मी बॉलकडं बघितलंच नाही. माझ्यासमोर तिकटीचा शेवटचा माणूस होता आणि त्याच्या पलीकडं, दीड पाऊल पलीकडं, आमच्या तालमीच्या पिवळ्या शर्टावरचा नऊ नंबर.

बाबांचाच नऊ नंबर!

झेंडा वर गेला. मी नेला म्हणत नाही. तो गेला.

तिकडं त्या पोरानं सूर मारला, डोकं लावलं, जाळी हलली. स्टेडियम फुटलं. ढोल वाजला, पोरं कुंपणावर चढली, कुणीतरी ओरडलं, "दुसरा बाजी! दुसरा बाजी!" आणि मी एकटी झेंडा धरून उभी. हात वरच होता.

हळूहळू एकेकाला दिसलं. गोंगाट खाली आला, मग त्याचा सूर बदलला. पाण्याची एक पिशवी माझ्या खांद्यावर येऊन फुटली. "बापाचं मीठ खाल्लंस न्हवं!" कुणीतरी बोंबललं. आणि मग बाबा आले. बेंच सोडून, रेघ ओलांडून, मैदानातून थेट माझ्यासमोर.

"ऋतुजा!"

त्या स्टेडियममध्ये, त्या सगळ्या लोकांदेखत, माझ्या नावानं मला मारलेली ती पहिली हाक. आयुष्यभर जिची वाट बघितली ती!

"ऋतुजा, झेंडा खाली घे!"

मी घेतला नाही. मेन रेफरी माने सर धावत आले. त्यांनी कुंपणावरच्या गर्दीकडं बघितलं, बाबांकडं बघितलं. भिंतीवरचं ते चित्र त्यांनीही लहानपणापासून बघितलेलं. खालच्या आवाजात मला म्हणाले, "नक्की? विचार करून सांग. एकदा सांगितलंस की संपलं."

"नक्की, सर. दीड पाऊल."

"बरं. अजून काही?"

मला कळलं ते काय विचारतायत. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. बाबांच्या कपाळावर घाम होता, अगदी बॉल टेकतो तिथं.

"चिंचेकडीलचे कोच मैदानात आलेत, सर. निर्णयाला विरोध करायला."

माने सरांनी रेड कार्ड काढलं. बाबांनी त्या कार्डाकडं बघितलं, मग माझ्याकडं.  आणि वळून गेटकडं चालू लागले. गोलानंतर ज्या मैदानातून लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून नेलं होतं, त्याच मैदानातून एकटे, चालत. मला वाटलं लोक माझ्यावर तुटून पडतील. पण सगळे बाबांकडंच बघत होते. फक्त तिकटीच्या बाजूनं एक बारीक आवाज आला, "आयला, बापालाच भाईर काढला की!"

मॅच शून्य-शून्य सुटली. चिंचेकडील स्पर्धेबाहेर. पोलिसांनी आम्हाला अर्धा तास आतच बसवलं. गर्दी पांगली तेव्हा उन्हं उतरली होती. मी झेंडा द्यायला मैदानावर गेले. दत्तूआण्णा कोपऱ्यातल्या काठ्या उपटत होते. गेटाबाहेर रसवंतीपाशी माझी गाडी दिसत होती आणि गाडीला टेकून बाबा उभे होते. हातात रसाचे दोन ग्लास. एकाला तोंड लावलेलं नव्हतं, दुसऱ्यालाही नव्हतं.

आण्णांनी माझ्या हातातून झेंडा घेतला. काठीभोवती गुंडाळायला लागले, मग थांबले. पुन्हा उलगडला. गेटाबाहेरच्या बाबांकडं बघितलं, मग त्याच टोकाच्या गोलखांबाकडं.

"ऋतुजा," ते म्हणाले, "बाजीच्या त्या गोलाला हितं लाइनीवर मीच हुतो. माझाबी झेंडा वरच हुता. कुणी बघितलाच न्हाय."